पीएचडीला लागताना: गावाकडून येणाऱ्या जीवशास्त्रवाल्यांसाठी

रजिस्ट्रेशन झाल्यावरच्या पहिल्याच दिवाळीत वरूडकडं घरी गेले, तर शेजारचे काका संत्र्याच्या खोडाची साल कागदात गुंडाळून ओट्यावर येऊन बसले. सालीतून डिंक ओघळून वाळलेला. म्हणाले, "डॉक्टरीन होऊन राहिली म्हंते तू. सांग बरं, याच्यावर काय मारू?"

हा रोग कशानं होतो ते मला लॅटिन नावासकट सांगता येत होतं. खोडाला काय फासायचं ते सांगितलं माझ्या बाबांनी. बोर्डोचा मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याच्या आधी एक हात आणि नंतर एक. काका उठता उठता बाबांना म्हणाले, "मंग हे पोरगी तिकडं काय शिकून राहिली?"

मला पीएचडीला साडेपाच वर्षं लागली. माझ्या आगेमागे लागलेल्यांपैकी चौघांनी मधेच सोडली. त्यांतल्या एकालाही विज्ञान जमत नव्हतं असं नाही. एकाला पैसा पुरला नाही, एकीचं लग्न झालं, एकाचं गाइडशी बिनसलं आणि एक नुसताच यायचा बंद झाला. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) कसा करायचा हे सांगणारे शंभर जण भेटतात, म्हणून ते मी इथं सांगणार नाही. बाकीचं सांगते, ज्या क्रमानं अंगावर येतं त्या क्रमानं.

१. अर्ज भरायच्या आधी घरी बोला

एमएस्सीचा निकाल लागला की घरच्यांना वाटतं, झालं, आता पोरगं कमावणार. एमपीएससीची तयारी करतो म्हटलं तर गावात सगळ्यांना कळतं. पीएचडी म्हटलं की कळत नाही. आमच्याकडचा संवाद असा झाला होता:

"तू कायची डॉक्टर होणार माय?"

"संत्र्याच्या झाडाची, बाबा."

"मंग फी कोण देईन? झाड?"

हसून झालं की खरं बोलायला बसा. वर्षं किती लागतील ते आधी सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणं पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. त्यावर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं घेता येतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याच्याही पुढं २ वर्षांची सवलत आहे. घरी मात्र "तीन वर्षं" सांगू नका. जीवशास्त्रात तीन वर्षांत उरकलेला मी अजून पाहिला नाही. पाच सांगा.

दुसरं म्हणजे महिन्याला किती मिळणार आणि केव्हापासून. तिसरं, वर्षातले कोणते महिने तुम्ही घरी येऊच शकणार नाही. हे तिसरं कुणीच आधी सांगत नाही आणि भांडणं त्यावरूनच होतात. त्याबद्दल पुढं लिहिते.

घरात धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांच्याशी वेगळं बोला. तुम्ही शिकत राहता म्हणजे बापाच्या बरोबरीनं फवारणी, मजुरांची जुळवाजुळव, बँकेच्या चकरा हे सगळं त्यांच्यावर पडतं. माझा भाऊ दोन वर्षं गप्प होता आणि तिसऱ्या वर्षी एकदमच बोलला. त्याचं चुकलं नव्हतं.

२. पैशाची सोय आधी, विषय नंतर

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली असेल तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० मिळतात, वर घरभाडे भत्ता. जीवशास्त्राची सीएसआयआर-नेट साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो. वरच्या गटाला फेलोशिप मिळते, मधल्या गटाला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्या गटाला फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन्ही गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे विसरून एक वर्ष वाया घालवलेले लोक मला माहीत आहेत. कोणतं विद्यापीठ यंदा नेटवर प्रवेश देतंय आणि कोण स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेतंय, हे त्या विद्यापीठाच्या सूचनेतच वाचा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे जिल्हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडं, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विद्यापीठाकडं, चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडं. शेतीचा विषय असेल तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जनावरांचा असेल तर नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, माफसू. कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि पर्यावरणावर काम करणारी नीरी या तिन्ही केंद्रीय संस्था नागपुरातच आहेत. पुण्या-बंगळूरच्या आधी इथं चौकशी करा.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या फेलोशिप आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. जाहिरात आली की जातीचा, उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला त्या क्षणी हातात लागतो. तहसीलच्या चकरा आधीच मारून ठेवा.

आणि आता कुणाला राग येईल असं बोलते. ना फेलोशिप, ना गाइडच्या प्रकल्पातली जागा, ना घरचा भक्कम आधार, असं असताना पूर्णवेळ पीएचडीला लागू नका. तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवून भागवू, असं सगळेच म्हणतात. सीएचबीचं मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही, सुटीत बंद होतं आणि तास संपवून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. त्यापेक्षा वर्षभर थांबून नेटचा अभ्यास करा. नोकरी असेल तर ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएचडीचाही मार्ग नियमात आहे.

फेलोशिप लागली म्हणजे पैसा आला, असंही नाही. माझा पहिला हप्ता यायला नऊ महिने लागले. तेवढ्या काळात मेसवाल्या मावशींनी वहीत लिहून जेवू घातलं. त्यांची ती वही मला आजही डोळ्यांपुढं दिसते, कारण माझ्या नावाला एक अख्खं पान पुरलं नव्हतं. तेव्हा सहा महिन्यांची खोली, जेवण आणि एसटी एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय रुजू होऊ नका. हजेरी, प्रगती अहवाल, घरभाड्याचा दाखला, गाइडची सही, आधार जोडलेलं बँक खातं यांची एक फाइल करा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. कागद हरवतात, आणि हरवल्याचं तुम्हालाच चार महिन्यांनी कळतं.

थकलेले पैसे एकदम जमा झाले की वेगळीच अडचण होते. त्याच उन्हाळ्यात आमची बोअर आटली. आमच्या भागात पाणी किती खोल गेलंय ते वरूड-मोर्शीच्या माणसाला सांगायला नको. खात्यावर एवढी रक्कम दिसत असताना "ही पुढच्या वर्षभराची आहे" हे बाबांना सांगणं मला जमलं नाही. अर्धी दिली. बोअरला पाणी लागलं, पण पुढच्या डिसेंबरात सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचून घ्यायला) नमुने पाठवायला पैसे नव्हते. तुम्ही घरी काय द्यायचं ते आधीच ठरवा. महिन्याचा ठरावीक आकडा बरा, मग तो लहान का असेना.

३. विषय निवडताना कॅलेंडर समोर ठेवा

नवा माणूस विषय निवडताना विषय पाहतो. जुना माणूस तो विषय वर्षाच्या कोणत्या महिन्यांत जिवंत असतो ते पाहतो. गुलाबी बोंडअळीवर काम करणार असाल तर कपाशीला पात्या-बोंडं लागल्यावर, दसऱ्याच्या आसपासपासून पुढं, अळी सापडणार. ते दोन-तीन महिने आजारपणात किंवा एखाद्या लग्नात गेले तर थेट पुढच्या वर्षी भेट. जीवशास्त्रात एक हंगाम चुकला की वर्ष जातं, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगायला सोपी आहे. इतर कुणाला कळो न कळो, बाबांना ती एका वाक्यात कळली होती.

परवानग्यांचाही असाच हिशोब असतो. सिकलसेलसाठी रक्ताचे नमुने घेणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी लागेल. उंदरांवर प्रयोग असतील तर प्राण्यांसाठीच्या समितीची. लोणारच्या सरोवराचं खारट-अल्कधर्मी पाणी सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना फार आवडतं, २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाल्यापासून तर जास्तच. पण ते अभयारण्य आहे, बाटली घेऊन थेट काठावर जाता येत नाही. मेळघाटातही वनविभागाच्या कागदाशिवाय पानाला हात लावायचा नाही. या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून अर्ज कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) चालू असतानाच टाका. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि ते चालू असताना बाकी काहीच करायचं नसतं असा एक गैरसमज पहिल्या वर्षाच्या मुलांत असतो.

माझा विषय होता संत्र्याचा डिंक्या, काकांच्या सालीवरचा तोच रोग. तो फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळं होतो. दिसायला बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे. तो मातीतून थेट काढणं अवघड, म्हणून त्याला आमिष दाखवायचं. चहाच्या प्लास्टिकच्या कपात बागेतली माती घ्यायची, वर पाणी ओतायचं आणि पाण्यावर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे नखाएवढे तुकडे तरंगत सोडायचे. पाणी लागलं की मातीतला फायटोफ्थोरा शेपटीवाले बीजाणू सोडतो आणि ते पोहत पानाच्या कापलेल्या कडेला जाऊन चिकटतात. दोन-तीन दिवसांत कड तपकिरी पडते. तेवढ्यात तो तुकडा उचलून प्रतिजैविकं घातलेल्या माध्यमावर ठेवला तर ठीक. पाचव्या दिवशी उचलला तर पिथियम हा त्याचा भाऊबंद आणि जिवाणू सगळं खाऊन मोकळे झालेले असतात.

आता हे कप भरायचे दिवस कोणते? पावसाळ्याचे. जुलै ते सप्टेंबर. म्हणजे पोळा, गणपती, महालक्ष्म्या. आमच्या घरी महालक्ष्म्या असतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक, आणि घरची मोठी मुलगी म्हणून माझं काम ठरलेलं. दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी माझ्या कपांचा तिसरा दिवस होता, एकशे वीस कप. मी गेले नाही. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "तुह्या कपाले एक दिवस दम नाही धरवत काय?" नाही धरवत, हे मी तिला नीट समजावून सांगितलं नाही, चिडून बोलले. पुढच्या वर्षी नमुने आठ दिवस आधी आणले, तारखा जुळवल्या आणि गेले. तेव्हा जूनमध्येच पंचांग आणि प्रयोगाची वही शेजारी शेजारी ठेवून बसा.

नमुन्यांसाठी दुसऱ्यांच्या शेतात जाणार असाल तर एक सांगते. आपल्याकडं शेतीच्या पंपाची लाईन पाळीपाळीनं येते. रात्रीची पाळी असली तर शेतकरी पहाटेपर्यंत ओलीत करत असतो. सकाळी आठला त्याच्या दारात उभं राहून माती मागू नका. आदल्या दिवशी फोन करा. "माती कायले नेता? सरकारचे होय का?" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर मराठीत दोन वाक्यांत तयार ठेवा. आणि निकाल आला की तो ज्याच्या बागेचा आहे त्याला कळवा. मी पहिल्या वर्षी कळवला नाही. दुसऱ्या वर्षी दोघांनी फाटक उघडलं नाही.

४. गाइड

स्थळ बघताना जशी चौकशी करतो तशी करा. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, पण सोडून गेलेल्यांशी नक्कीच बोला. विचारायचं काय? सर किंवा मॅडम लिहिलेलं किती दिवसांत वाचून परत देतात. प्रबंधावर सही करायला आधीच्यांना किती थांबवलं. सुटी मागितली तर काय होतं. मुलांकडून घरची कामं करून घेतात का.

दोन नियम पाठ करून ठेवा. प्राध्यापकाकडं एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडं ६ आणि सहायक प्राध्यापकाकडं ४ विद्यार्थी असू शकतात. आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली आहेत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तुमचा गाइड तिसऱ्या वर्षाच्या काठावर असेल तर पुढं काय, हे तोंडावर विचारायला लाजू नका.

गावाकडून आलेल्या आपल्या पोरांना गुरुजींपुढं मान खाली घालायची सवय असते. मान द्यावा, पण कागद ठेवावा. भेट झाली की त्याच संध्याकाळी "आज ठरलं ते असं" एवढा चार ओळींचा ईमेल पाठवायचा. मराठीत पाठवला तरी चालतो. सल्लागार समितीपुढं दर सत्राला प्रगती मांडावी लागते, तिथं खोळंबलेल्या गोष्टींची नोंद करून घ्या. गाइड बदलायची वेळ आली तर याच नोंदी कामी येतात. छळाचा प्रकार असेल, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. समितीवर कोण कोण आहे ते पहिल्याच महिन्यात पाहून ठेवा. गरज पडल्यावर शोधायला डोकं ठिकाणावर नसतं.

५. प्रयोगशाळेत: लाईट आणि मार्कर

मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या वर. शनिवारी दुपारी लाईट गेली ती रविवारी सकाळी आली. जनरेटरमधलं डिझेल संपलेलं. कल्चर ठरावीक गारव्यात ठेवणारं कपाट, बीओडी इन्क्युबेटर, बंद झालं की भट्टीच होते. साठातली एकेचाळीस कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवंत नमुने, मेली. दीड पावसाळ्याचं काम.

उरलेली एकोणीस वाचली ती माझ्या हुशारीनं नाही. एका सिनियरनं दटावून कल्चर वाढलेल्या आगरचे तुकडे निर्जंतुक पाण्याच्या छोट्या बाटल्यांत टाकून दुसऱ्या विभागाच्या कपाटात ठेवायला लावले होते, तेवढीच. साधी, जुनी, फुकटची पद्धत आहे. प्रत्येक जिवंत गोष्टीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. डीएनएची सुद्धा. आकडेवारीची तर तीन ठिकाणी, त्यातलं एक गावाकडं.

मार्करचं तर कुणीच सांगत नाही. परमनंट मार्कर पाण्यानं जात नाही, स्पिरिटनं जातो. आणि लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) आपण सगळं स्पिरिटनंच पुसतो. मी एकदा बावीस प्लेटांवरची गावांची नावं एका बोळ्यात पुसून टाकली. झाकणावर तर मुळीच लिहू नका, झाकणं बदलतात. तळाला कडेनं लिहा आणि वर पारदर्शक टेप लावा.

यंत्रं नाहीत म्हणून रडत बसण्यात माझं एक वर्ष गेलं. आय-स्टेम नावाच्या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं नोंदवलेली आहेत, पैसे भरून वेळ घेता येते. आणि ऑटोक्लेव्ह बिघडला तर थोड्याशा माध्यमासाठी घरचा प्रेशर कुकर चालतो. १२१ अंश आणि १५ पौंड दाब, तत्त्व तेच. त्यात परत भात लावू नका, एवढंच.

६. लग्न

मुलांनाही विचारतात, पण मुलींना जास्त विचारतात. सव्वीस झाल्यावर आत्या दर फोनला एकच सांगायची: शिकलेली पोरगी जास्त शिकली की जोड मिळत नाही. मी उत्तर शोधायचं सोडलं आणि बाबांशी सौदा केला. "एसआरएफ होईपर्यंत स्थळ दाखवायचं नाही. नंतर दाखवा, पण मुलाला आधी सांगायचं की प्रबंध जमा होईपर्यंत मी अमरावतीतच राहीन." हे तीनदा सांगितलं गेलं आणि तीन स्थळं परत गेली. चौथं टिकलं.

तुमचं लग्न मधेच झालं तर हक्काच्या दोन गोष्टी नियमात आहेत. संपूर्ण पीएचडीच्या काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. आणि लग्नामुळं दुसऱ्या गावी जावं लागलं तर काम आणि आकडेवारी तिकडच्या संस्थेत हलवता येते, काही अटींवर. माझ्या बरोबरची जी सोडून गेली तिला हे ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

रात्रीच्या प्रयोगाचंही घरी सांगून ठेवा. डीएनए तपासायचं जेल रात्री दहापर्यंत चालतं, शेवटची एसटी साडेसातला जाते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून रोज जाऊन-येऊन करू असं काही मुली ठरवतात. तीन महिन्यांत आजारी पडतात. वसतिगृहाचा अर्ज करा.

७. डोकं आणि अंग

सगळ्यात वाईट काळ तिसऱ्या वर्षात येतो. कोर्सवर्कचं कौतुक संपलेलं असतं, प्रबंध दूर असतो, आणि बारावीत तुमच्यापेक्षा मागं असलेल्यानं कृषी केंद्र टाकून चारचाकी घेतलेली असते. लग्नात पंगतीला शेजारी बसून तो विचारतो, "अजून शिकूनच राहिली का वं?" तो वाईट बुद्धीनं विचारत नाही, तरी घास घशाखाली उतरत नाही.

त्या वर्षी मी सकाळी अकराच्या आधी उठायचे नाही. आळस वाटायचा, सगळ्यांना आणि मलाही. प्रयोग फसला की तो माझ्यामुळंच फसला असं वाटायचं, जमला की चुकून जमला असं. झोप, भूक आणि कामावरचं मन तीन-चार आठवडे जागेवर नसेल तर डॉक्टरला दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि तुमचं नाव कुठं जात नाही. मी फोन करायला दोन महिने घालवले, आधी क्रमांक कागदावर लिहून तो कागद दोनदा फाडला.

रोजच्या दिवसाला धरून ठेवणारं एखादं काम हातात असू द्या, ज्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. मी वसतिगृहात पोळ्या लाटायचे. लाटली, भाजली, फुगली, संपलं. प्रयोगशाळेत असं सुख सहा महिन्यांतून एकदा मिळतं.

८. लिहिणं आणि छापणं

इंग्रजीची भीती बाळगू नका, पण पुढंही ढकलू नका. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर तुमच्याच विषयाचे जुने प्रबंध आहेत, ते उतरवायला नव्हे तर घडण बघायला वाचा. दुसऱ्याच्या मजकुराशी किती जुळतं त्याची टक्केवारी तपासली जाते, १० टक्क्यांपर्यंत चालतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मुळं सरकारी संस्थांत हजारो नियतकालिकं वाचता येतात, ग्रंथपालांकडं खातं उघडून मागा.

"पैसे भरा, आठ दिवसांत छापतो" असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं आता पारख तुमची तुम्हालाच करायची आहे. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचं काय म्हणणं आहे ते मात्र लेखी घ्या.

९. सोडावीशी वाटली तर, आणि नाही सोडली तर

सोडणं हा गुन्हा नाही. फक्त रागाच्या दिवशी सोडू नका, हंगाम संपल्यावर सोडा. आधी फेलोशिपचे पैसे परत मागतात का ते नियमात पाहा, कल्चर आणि वह्या नीट सोपवा, कामाचा अनुभव दाखवणारं पत्र घ्या. माझ्या बरोबरचा एक जण आज बियाणं कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे आणि पीएचडीचा विषय निघाला की छान झोप लागल्याचं सांगतो.

पूर्ण केलीत तरी प्राध्यापकाची जागा वाट बघत उभी नसते, हे शेवटच्या वर्षात स्वीकारून चार ठिकाणी अर्ज टाकत राहा. रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळा, खतं-बियाण्यांच्या कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम). सेट किंवा नेट राहिली असेल तर तीही.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणालाही बसता येतं. घरच्यांना न्या. बाबा धोतर-टोपीत शेवटच्या रांगेत बसले होते, हातात प्रसादाच्या पेढ्याचा पुडा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पाऊण तास पिळलं, बीजाणूंवर, सिक्वेन्सवर, संख्याशास्त्रावर. सगळं इंग्रजीत. टाळ्या झाल्या, फोटो झाले. बाहेर पोर्चमध्ये चहा पिताना बाबा माझ्या कानाशी आले आणि काळजीनं म्हणाले, "त्या साहेबानं बोर्डोचं परमान तं इचारलंच नाही."